बोली, इसार आणि उचल: कराराचा कायदा आपल्या शब्दांत

मराठवाड्यात ‘करार’ हा शब्द रोजच्या बोलण्यात फारसा येत नाही. आपण बोली करतो, इसार देतो, शेत बटईने लावतो, बांधकाम गुत्त्याने देतो, पाडव्याला सालगड्याचे साल ठरवतो आणि साखर कारखान्याचा हंगाम सुरू होण्याआधी मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतो. कायद्याच्या दृष्टीने यांतला प्रत्येक व्यवहार करार असतो किंवा होऊ शकतो, आणि त्या सर्वांच्या मुळाशी एकच कायदा आहे: भारतीय करार अधिनियम, १८७२. या कायद्याची भाषा जड आहे, पण त्यामागचा विचार आपल्या ओळखीचा आहे. दोन माणसांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य केली, तर तिला कायदा संमती म्हणतो, आणि बाकीची बहुतेक कलमे या एका शब्दाभोवती फिरतात. कागद, शिक्का, सही आणि साक्षीदार ही त्या संमतीची खूण असते. आपल्याकडची माणसे अडचणीत येतात ती बहुतेक वेळा संमती आणि तिची खूण यांतला फरक न कळल्यामुळे, असे माझे मत आहे. काही जण कागद नाही म्हणून हक्कच नाही असे धरून चालतात, तर काही जण कागदावर सही झाली म्हणजे आता सगळे संपले असे मानून गप्प बसतात.

करार कसा जन्माला येतो, हे मोंढ्यातल्या लिलावात सर्वांत स्पष्ट दिसते. लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनचा ढीग लागलेला असतो, खरेदीदार मूठभर दाणे तळहातावर घेऊन पाहतात, दाताखाली दाबून ओलाव्याचा अंदाज घेतात आणि भाव पुकारू लागतात. शेतकऱ्याने माल मांडला म्हणून तो विकायला बांधला गेला, असे होत नाही. माल मांडणे हे फक्त बोलावणे आहे. खरेदीदाराने पुकारलेला प्रत्येक भाव हा प्रस्ताव असतो, आणि वरचा भाव आला की खालचा प्रस्ताव गळून पडतो. शेवटच्या बोलीवर सौदा सुटल्याचे जाहीर झाले की तो स्वीकार, आणि त्या क्षणी करार पूर्ण होतो. वस्तु विक्री अधिनियम, १९३० यात हेच लिहिलेले आहे: हातोडा पडल्यावर किंवा बाजाराच्या रिवाजाप्रमाणे विक्री जाहीर झाल्यावर ती पूर्ण होते, आणि तोपर्यंत बोली लावणारा आपली बोली मागे घेऊ शकतो. पूर्वी अनेक बाजारांत उपरण्याखाली बोटे धरून भाव ठरत असे. ती पद्धत बंद करून उघडा लिलाव आणण्यामागे हेच कारण होते, कारण कोणी काय मान्य केले हे चारचौघांना कळत नसेल, तर संमतीचा पुरावा तरी कोठून आणायचा?

याच प्रसंगाचा पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. सौदा सुटतो, माल काट्यावर येतो, आणि तेथे खरेदीदार म्हणतो, “ओलावा जास्त निघाला, क्विंटलमागं दोनशे कमी लागतील.” शेतकऱ्याला परतीच्या गाडीची घाई असते, म्हणून तो मान हलवतो. कायद्याने पाहिले तर सौदा आधीच झालेला आहे आणि भाव कमी करण्याची मागणी हा नवा प्रस्ताव आहे. तो नाकारण्याचा शेतकऱ्याला पूर्ण अधिकार आहे. मात्र दाखवलेला नमुना एका प्रतीचा आणि पोत्यातला माल दुसऱ्या प्रतीचा असेल, तर खरेदीदाराचीही बाजू खरी ठरते, कारण नमुन्यावरून विकलेला माल नमुन्यासारखाच असला पाहिजे, अशी अट कायदा स्वतःहून करारात धरतो. म्हणजे काट्यावरच्या भांडणात प्रश्न एकच उरतो: ढिगात वर जे दिसत होते तेच खाली होते की नाही.

प्रस्ताव आणि स्वीकार एवढ्याने मात्र काम भागत नाही. अधिनियमाचे दहावे कलम आणखी काही गोष्टी मागते: दोन्ही पक्ष करार करण्यास सक्षम असावेत, त्यांची संमती मोकळी असावी, आणि मोबदला व हेतू दोन्ही कायदेशीर असावेत. मोबदला म्हणजे देवाणघेवाण. मामाने भाच्याला “तू दहावी पास झालास की तुला सायकल घेऊन देतो” असे म्हटले आणि नंतर घेऊन दिली नाही, तर त्याचा दावा होत नाही. घरातल्या प्रेमाच्या शब्दांना कायदा न्यायालयात ओढत नाही. सक्षम असणे म्हणजे वय अठरा पूर्ण आणि बुद्धी ठिकाणावर असणे. अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलाने केलेला करार केवळ कच्चा नसतो, तो मुळातच शून्य असतो. प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे त्या काळच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, १९०३ साली मोहरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात हे पक्के केले, आणि त्या निकालात अज्ञान मुलाला गहाणावर कर्ज देणाऱ्याचे पैसे बुडाले.

आता कागदाकडे येऊ. जमिनीच्या व्यवहाराइतका कागदाविषयीचा गैरसमज दुसरीकडे कोठेही दिसत नाही. तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून बसलेल्या लेखनिकाकडे दोन्ही बाजू येतात, बाँड (स्टॅम्प पेपर) घेतला जातो, त्यावर गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा, ठरलेली किंमत आणि दिलेला इसार लिहिला जातो, दोन साक्षीदार सह्या करतात, नोटरीचा लाल शिक्का उमटतो आणि घेणारा घरी जाऊन सांगतो, “जमीन घेतली.” प्रत्यक्षात त्याने जमीन घेतलेली नसते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ अन्वये विक्रीच्या कराराने जमिनीत कोणताही मालकी हक्क निर्माण होत नाही. मालकी जाते ती दुय्यम निबंधकासमोर नोंदवलेल्या खरेदीखताने. इसारपावती म्हणजे पुढे खरेदीखत करून देण्याचे वचन. नोटरी सही कोणी केली याची साक्ष ठेवतो. त्याचा शिक्का आणि दस्ताची नोंदणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तरीही त्या इसारपावतीला किंमत असते, आणि ती मोठी असते. विकणारा फिरला, भाव वाढला म्हणून दुसऱ्याला जमीन देऊ लागला, तर घेणारा दिवाणी न्यायालयात जाऊन “मला पैसे परत नकोत, ठरल्याप्रमाणे खरेदीखतच करून द्या” असे मागू शकतो. याला कराराची विशिष्ट पूर्तता म्हणतात. विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ यात २०१८ साली झालेल्या दुरुस्तीनंतर अशी पूर्तता देणे हा नियम झाला आहे. पूर्वी ते न्यायाधीशाच्या विवेकावर बरेच अवलंबून असे. पण मागणाऱ्याने आपण उरलेली रक्कम देण्यास पहिल्यापासून तयार होतो आणि तशी आपली ऐपत होती, हे सिद्ध करावे लागते. तीन वर्षांची मुदतही लक्षात ठेवावी लागते: करार पूर्ण करण्याची तारीख ठरलेली असेल तर त्या तारखेपासून, आणि ठरलेली नसेल तर समोरच्याने नकार दिल्याचे कळल्यापासून. ‘आज-उद्या करून देतो’ असे ऐकत पाच वर्षे गेलेली माणसे वकिलाकडे येतात, तेव्हा त्यांच्या हातातला कागद खरा असतो, पण त्याची मुदत संपलेली असते.

इसारपावतीत बहुतेकदा एक ओळ असते की, विकणारा फिरला तर इसाराच्या दुप्पट देईल आणि घेणारा फिरला तर इसार बुडेल. ही ओळ लिहिली म्हणून ती जशीच्या तशी लागू होत नाही. अधिनियमाच्या ७४ व्या कलमानुसार ठरवलेली दंडाची रक्कम ही कमाल मर्यादा असते. न्यायालय त्या मर्यादेत वाजवी वाटेल तेवढीच भरपाई देते. इसार म्हणून दिलेली माफक रक्कम जप्त होऊ शकते, पण निम्म्याहून अधिक किंमत ‘इसार’ या नावाखाली घेऊन ती गिळता येत नाही. त्याचप्रमाणे “याबाबत भविष्यात कोर्टात दाद मागणार नाही” अशी ओळ काही बाँडवर हौसेने लिहिली जाते, ती २८ व्या कलमामुळे तेवढ्यापुरती शून्य ठरते.

बटईचा व्यवहार मात्र बहुधा तोंडीच राहतो. त्याचे एक कारण ऐतिहासिक आहे: मराठवाड्याला आजही हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० लागू आहे, आणि लिहून दिले तर बटईदाराचे नाव लागेल व जमीन कुळाला जाईल, ही भीती मालकांच्या मनातून दोन पिढ्यांनंतरही गेलेली नाही. या भीतीची किंमत बटईदार मोजतो, कारण खत कोणी घातले आणि वाटा किती ठरला होता, हे सांगायला त्याच्याकडे काहीच नसते. तोंडी करार हाही करारच आहे, फक्त तो सिद्ध करणे अवघड आहे. मोबाईलवरचा संदेश, खतदुकानाची पावती, बँकेत टाकलेली रक्कम, हे सगळे पुरावे म्हणून चालू शकते.

करार मोडला तर काय, याचे उत्तर ७३ व्या कलमात आहे. मोडणाऱ्याने तेवढेच नुकसान भरून द्यायचे, जे त्या मोडण्यातून स्वाभाविकपणे होते किंवा करार करताना दोघांनाही होईल असे माहीत होते. गुत्तेदाराने ठरल्या दिवशी विहिरीचे काम पूर्ण केले नाही म्हणून दुसऱ्याकडून जास्त दराने करून घ्यावे लागले, तर तो फरक मिळतो. पण विहीर वेळेत झाली असती तर ऊस लावला असता, उसाच्या पैशांत ट्रॅक्टर घेतला असता, अशी साखळी न्यायालय मान्य करत नाही. ज्याचे नुकसान झाले त्यानेही ते वाढू न देण्याची काळजी घ्यायची असते.

आणि निसर्गानेच करार मोडला तर? २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट मराठवाड्यात अजून विसरलेली नाही. समजा, जालन्याच्या एका मोसंबी बागायतदाराने अमुक गटातली आपली बाग बागवानाला उक्ती विकली, माल पुढे तोडून द्यायचा होता, आणि तोडणीआधी गारांनी फळ झडून गेले. तेथे देण्याची वस्तूच उरली नाही. अशा अशक्य झालेल्या कराराला ५६ वे कलम शून्य मानते, आणि ६५ व्या कलमाप्रमाणे घेतलेले पैसे परत करावे लागतात. मात्र बाग कोणाच्या ताब्यात गेली होती आणि जोखीम कोणी पत्करली होती, यावर हिशेब बदलतो, म्हणून उक्त्या व्यवहारात ही एक ओळ लिहून घेणे फार मोलाचे आहे. याउलट एखाद्याने “पन्नास क्विंटल सोयाबीन देतो” असे ठरवले आणि त्याचे शेत वाहून गेले, तर तो सुटत नाही, कारण त्याने शेताचे नाव घेतलेले नव्हते, आणि सोयाबीन बाजारात विकत मिळते. भाव वाढून व्यवहार तोट्याचा झाला, हे कारण तर अजिबात चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली सत्यव्रत घोष यांच्या खटल्यात सांगितले की, अशक्य म्हणजे शब्दशः अशक्यच असले पाहिजे असे नाही. ज्या पायावर दोघांनी करार केला तो पायाच कोसळला, तर पुरे.

वाद झाला की आपल्याकडे पाय आधी पोलीस ठाण्याकडे वळतात. पैसे देण्याचे वचन मोडणे हा मात्र दिवाणी वाद आहे आणि वसुली करून देणे हे पोलिसांचे काम नव्हे. फसवणुकीचा गुन्हा होण्यासाठी वचन देतानाच ते न पाळण्याचा हेतू असावा लागतो. पूर्वी ज्याला सगळे ‘चारशे वीस’ म्हणत, ते कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३१८ या क्रमांकाखाली आले आहे, पण ही अट बदललेली नाही. करारभंगाचा दावा तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या दिवाणी न्यायालयात चालतो, आणि उच्च न्यायालयापर्यंत जायचे झाले तर १९८१ पासून छत्रपती संभाजीनगरला खंडपीठ आहे. त्याआधी मराठवाड्याच्या पक्षकाराला मुंबई गाठावी लागे. येथे एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १८७२ चा हा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानचा होता, आणि आपला भाग निजामाच्या राज्यात. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले आणि १९५१ साली संसदेच्या एका कायद्याने करार अधिनियम येथे लागू झाला. म्हणजे पुण्या-मुंबईला जो कायदा पिढ्यान्‌पिढ्या लागू होता, तो आपल्या आजोबांच्या डोळ्यांदेखत येथे आला.

आता संमती मोकळी असणे म्हणजे काय, या गोष्टीकडे वळतो, आणि मला सर्वांत जास्त याविषयीच सांगायचे आहे. जबरदस्ती, अनुचित दडपण, कपट किंवा चुकीचे निवेदन यांतून संमती मिळवली असेल, तर दबलेल्या पक्षाला तो करार रद्द करून घेता येतो. ही पाठ केलेली यादी सगळ्यांना ठाऊक असते. ती घराच्या उंबऱ्यावर कशी येते, हे मी लहानपणी पाहिले. माझ्या वडिलांनी शेजारच्या शेतकऱ्याच्या कर्जाला जामीनदार म्हणून सही केली. “नुसती सही पाहिजे, बाकी काही नाही,” असे त्यांना सांगण्यात आले होते. तीन वर्षांनी कर्जदार गावातच राहत असताना वसुलीची नोटीस आमच्या दारावर चिकटली. वडील म्हणत राहिले, “आधी त्याच्याकडं जा, मग माझ्याकडं या.” पण १२८ वे कलम तसे म्हणत नाही. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आणि कर्ज देणाऱ्याला आधी कर्जदाराच्या मागे लागण्याचे बंधन नसते. कर्जदाराच्या अटी जामीनदाराला न विचारता बदलल्या, तर तो सुटू शकतो. त्याने पैसे भरले तर ते कर्जदाराकडून वसूल करण्याचा हक्कही त्याला मिळतो. मात्र छापील जामीनपत्रांत यांतले बरेच हक्क सोडल्याचे बारीक अक्षरांत लिहिलेले असते. वडिलांची संमती कायद्याने मोकळी होती, कोणी त्यांचा हात धरून सही घेतली नव्हती. तरी आपण कशाला हो म्हणत आहोत, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. म्हणून सहीआधी सगळे वाचून घ्यावे, नसेल वाचता येत तर आपल्या माणसाकडून वाचून घ्यावे, एवढे मी जीव तोडून सांगतो.

सावकाराला कर्जाच्या बदल्यात लिहून दिलेले खरेदीखत हा याहून कठीण प्रकार. कागदावर विक्री असते, मनात तारण असते. सामान्य नियम असा की, लिहिलेल्या दस्ताच्या विरुद्ध तोंडी पुरावा ऐकला जात नाही. पण दस्त केवळ देखावा होता, असे दाखवण्यास वाव असतो. शिवाय महाराष्ट्र सावकारी अधिनियम, २०१४ खाली अवैध सावकाराने कर्जाच्या तारणापोटी घेतलेली जमीन परत मिळावी म्हणून जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो, आणि परवाना नसलेल्या सावकाराचा वसुलीचा दावा न्यायालय मान्य करत नाही.

आणि उचल. बीड जिल्ह्यातून आणि आसपासच्या तालुक्यांतून ऊसतोडीला जाणारे नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. पावसाळ्यात, हाताला काम नसताना, मुकादम कोयत्यामागे उचल देतो. दिवाळीच्या सुमारास टोळी पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जाते आणि मार्च-एप्रिलपर्यंत तोडलेल्या उसाच्या टनांवर ती उचल फेडते. करार म्हणून पाहिले तर प्रस्ताव आहे, स्वीकार आहे, मोबदला आहे. पण बाकी फिरली, म्हणजे उचल पूर्ण फिटली नाही, की ती पुढच्या हंगामात जाते, हिशेब मुकादमाच्या वहीत असतो, कोऱ्या बाँडवर आधीच अंगठा घेतलेला असतो, आणि बायकोच्या निम्म्या कोयत्याचे पैसे तिच्या हातात कधी येत नाहीत. मुकादमाचीही अडचण खरी आहे. त्याने कारखान्याकडून किंवा वाहतूकदाराकडून करारावर पैसे उचललेले असतात, आणि दोन मुकादमांकडून उचल घेऊन पसार होणारे मजूर त्याला बुडवतात. तरीही उचल बुडाली म्हणून माणसाला डांबून ठेवता येत नाही, त्याची बैलगाडी किंवा मुले अडवता येत नाहीत. तो गुन्हा आहे. पैशांचा दावा करता येतो, पण कोणाकडून बळजबरीने मजुरी करून घ्या, असा हुकूम कोणतेही दिवाणी न्यायालय देत नाही.

येथे करार अधिनियमाची मर्यादाही दिसते. त्याच्या १५ व्या कलमातली जबरदस्ती म्हणजे गुन्हा ठरणारी कृती, तशी धमकी, किंवा मालमत्ता बेकायदा अडवून ठेवणे. पोटाची भूक त्यात बसत नाही. ही उणीव वेठबिगारीला बंदी घालणाऱ्या संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने भरून काढली आहे. दिल्लीतल्या एशियाडच्या (आशियाई क्रीडास्पर्धांच्या) बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली सांगितले की, गरिबीमुळे दुसरा मार्ग उरत नाही म्हणून किमान वेतनाहून कमी मजुरीवर काम करावे लागणे हीसुद्धा वेठबिगारीच आहे. आणि वेठबिगार पद्धत (निर्मूलन) अधिनियम, १९७६ प्रमाणे उचलीच्या बदल्यात माणसाचे काम बदलण्याचे किंवा कोठेही जाण्याचे स्वातंत्र्य गेलेले असेल, तर ते कर्जच संपुष्टात येते. अंगठा खरा असो, साक्षीदार हजर असोत, बाँड कितीही रकमेचा असो. अशी तक्रार जिल्हाधिकारी किंवा उपविभागीय अधिकाऱ्यांकडे करता येते. वेठबिगारीला बळी पडलेल्या माणसाला, आणि उत्पन्न कितीही असले तरी कोणत्याही स्त्रीला, विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ खाली सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यासाठीचा अर्ज तालुक्याच्या न्यायालयाच्या आवारातच, तालुका विधी सेवा समितीकडे, साध्या कागदावर देता येतो.